तीन फाटके मांडे

मेहरूणच्या ताईबाईला शिव्या येत नव्हत्या. त्यामुळे तिचा राग तोंडावाटे कधी बाहेर पडलाच नाही. तो आतल्या आत मुरला, आणि वर्षभर चांगला मुरला.

तिचं माहेर दोंडाईच्याकडचं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून लोकांच्या सणा-समारंभाला मांडे करून देणं हाच तिचा धंदा. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत ताणायचा आणि पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला की तापल्या उपड्या खापरावर अलगद सोडायचा. ते करताना तिला कुणी हाक मारलेली चालत नसे. घरात सून दिपमालालाही तशी ताकीद होती.

"कोनी हाक मारी का मन तिकडे जास," ती म्हणायची. "हात लगेच माघारी येतस, मन येत नही. पुढला तीन मांडा वाया जातस."

तीनच का, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं चुलीपुढे बसून तिने ते पाहिलं होतं.

नर्मदाबाईंना हे पुरेपूर ठाऊक होतं. मोठ्या घरची बाई, महिला मंडळाची अध्यक्ष, स्वतः लहानपणी आईजवळ बसून मांडे शिकलेली. गेल्या चैत्रात मुलाच्या, सुयशच्या, साखरपुड्याला त्यांनी ताईबाईला मांड्यांसाठी बोलावलं आणि तिला सुखाने बसू मात्र दिलं नाही. "ताईबाई, कढी चाखून बघ गं." "ताईबाई, कुरडयांचं तेल तापलं का बघ." "ताईबाई, विहीणबाईंना पाणी दे, सगळ्या बायका कुठे गेल्यात कोण जाणे!" सगळ्या बायका तिथेच होत्या, नटून बसल्या होत्या. ताईबाई दर वेळी उठली. दर वेळी परत येऊन गोळ्याकडे बघत राहिली, की यात पुरण भरलं होतं की भरायचं आहे. मांडे फाटायला लागले. पुरण निखाऱ्यात पडून जळका वास सुटला.

शेवटी रसई, मांड्यांबरोबरची आमटी, उतू चालली म्हणून हाक आली. ताईबाई धावली, पातेलं उतरवलं, हात धुतले आणि डोक्यात रसईच घेऊन पुन्हा चुलीशी येऊन बसली. हात पुसायचा राहून गेला. तापल्या खापरावर पाणी पडलं आणि सासूने दिलेलं ते खापर टचकन दुभंगलं.

नर्मदाबाईंनी विहिणीकडे, भिकुबाईंकडे, वळून सगळ्यांदेखत सांगितलं, "वय झालं हो बाईचं. आता हात चालत नाही तिचा."

एवढं एक वाक्य. पण मेहरूणभर फिरलं. महिन्याने आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली, आणि आखाजीला जिच्या दारात बायका रांगा लावायच्या, तिला एका घरून बोलावणं आलं नाही. ज्या हातांनी घर चालवलं, ते हात कामाचे नाहीत असं गावाने ठरवून टाकलं होतं. ताईबाईने नवं खापर आणलं आणि वर्षभर रोज दुपारी ते तापवून त्यावर एक मांडा टाकला. आणि रोज मनाशी नर्मदाबाईंचं नाव घेतलं. असलं नामस्मरण देव कुणावर आणू नये.

यंदा आखाजीच्या आठवडाभर आधी महिला मंडळाचा खाद्यमेळा भरला. अध्यक्षबाई स्वतः मांडे करून दाखवणार होत्या. समोर माईक, शेजारच्या शेगडीवर रसई, पहिल्या रांगेत विहीण भिकुबाई. भिकुबाईंच्या शेजारी ताईबाई, पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

खोटं कशाला बोला, नर्मदाबाईंचे पहिले दोन मांडे सुरेख उतरले. टाळ्या पडल्या. तिसरा गोळा कोपरापर्यंत आला, तेव्हा ताईबाईने गोड आवाजात विचारलं, "अक्का, गहू कोनता शेतस ह्या?"

लोकांसमोर उत्तर न देऊन कसं चालेल? नर्मदाबाई उत्तर देत राहिल्या आणि मांडा मधोमध फाटला.

"अक्का, डाय किती येळ शिजाडी?" चौथा गेला. "अक्का, येलची टाकी का जायफळ?" पाचवा करपला. ताईबाई वेळ चुकत नव्हती. गोळा नेमक्या कोणत्या क्षणी हाक सहन करत नाही, ते तिच्याइतकं कुणाला कळणार! भिकुबाई आता मांड्यांकडे न बघता नर्मदाबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

"अक्का, रसई उतू जाई राह्यनी!"

हे तर खरंच होतं. नर्मदाबाई धावल्या, पातेलं उतरवलं, हात बुचकळले आणि घाईने परतल्या. ताईबाई त्यांच्या ओल्या हातांकडे बघत होती. एक शब्द बोलली असती तर खापर वाचलं असतं. ती बोलली नाही.

टचकन आवाज झाला, तो माईकमधून सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

मग ताईबाई उठली. गोणपाट सोडून आपलं खापर चुलीवर उपडं घातलं, तापू दिलं, हात पुसले, दोनदा पुसले. पहिला गोळा उचलला, आणि तो फाटला. मंडपात कुजबुज झाली. दुसराही फाटला. तिसराही. ताईबाईला त्याचं नवल वाटलं नाही. तिचं मन अजून नर्मदाबाईंच्या तोंडावर होतं, ते माघारी यायला तीन मांडे लागणारच होते. तिने ते तिन्ही एका ताटात नीट वाढले आणि ताट अध्यक्षबाईंच्या हातात दिलं.

"ह्या तीन तुमना शेतस, अक्का. मांगला सालपासून ठेयेल व्हतात."

नर्मदाबाईंनी तोंड उघडलं.

"आते बोलू नका," ताईबाई म्हणाली आणि चौथा गोळा हातावर घेतला.

चौथा मांडा कोपराच्या पार गेला आणि त्यातून पलीकडची शेगडी दिसली. खापरावरून तो अखंड उतरला. ताईबाईने घडी घालून तो भिकुबाईंच्या ताटात वाढला.

"वय व्हयनं मनं," ती म्हणाली. "दखा बरं, हात चालस का."