काहून वं?

आमच्या शेजारच्या काकू इथे बेसा वस्तीत अकरावी-बारावीच्या मुलींना खोल्या भाड्याने देतात. मुलगी हसली तरी त्या कारण विचारतात, "काहून वं?" केस कापले तरी "काहून?" मुली वैतागतात.

चाचणीत मार्क कमी पडले, तेव्हा एकीने आपले लाडके झुमके, ड्रेस मैत्रिणींना वाटून टाकले. मैत्रिणी खूश. काकूंनी तिला अंगणातच गाठलं.

"काहून वं, सगळं वाटून राहिली?"

"काही नाही, काकू."

"मरायचं हाये काय मनात?"

कुंपणाशी मी दचकलो. मुलगी मात्र हमसून रडली. फोन करून बोलावलेली तिची आई येईपर्यंत काकू तिच्याजवळून हलल्या नाहीत. मग दोघींना घेऊन डॉक्टरकडे गेल्या. झुमकेही मैत्रिणीकडून परत आणले.

परवा ती तेच झुमके घालून निघाली.

"काहून वं, एवढी नटून राहिली?"

मुलगी वैतागली. मला फार बरं वाटलं.