वीरगळाला पोटीस

तक्रारअर्ज तयार होता. खाली फक्त माझी सही हवी होती. अर्ज किशनभाईंनी उल्हासनगरहून प्रिंट काढून आणला होता आणि पेनाचं टोपण उघडून ते माझ्यासमोर उभे होते.

आमच्यापुढे वीरगळ होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो महादेवाची पूजा करतोय. बदलापूरहून बारवीकडे जाताना एका पाड्याच्या तोंडाशी, चिंचेखाली असा एक उभा आहे. त्या रविवारी मात्र त्यातलं काहीच दिसत नव्हतं. पायापासून माथ्यापर्यंत चकचकीत भगवा ऑइलपेंट फासलेला.

मी नोकरीभर पुरातत्त्वाच्या सरकारी खात्यात केमिस्ट होतो. लोक देवळं बघायला जातात. मी देवळांवरचं शेवाळ, पानाच्या पिचकाऱ्या आणि बदाम काढून लिहिलेली नावं पुसायला जायचो. रिटायर होऊन बदलापुरात कात्रपला फ्लॅट घेतला, तर इथल्या हौशी मंडळींनी मला गाठलं. दर रविवारी आसपासच्या जुन्या दगडांवर लक्ष ठेवायचं, फोटो काढायचे, कोणी खिळ्याने नाव कोरत असेल तर हात जोडून थांबवायचं, असा त्यांचा ग्रुप. किशनभाई त्यातले सगळ्यात नेमाने येणारे आणि सगळ्यात तापट. जीन्सच्या कापडाचा धंदा, पण खिशात कायम दगड मोजायची टेप.

"साहेब, सही मारा," ते म्हणाले. "आपण फॅमिली सोडून संडेला इकडे येतो, आणि ही लोकं डब्बा ओतून जातात. एक बार केस झाली ना, सब सुधरतील."

मी पेन घेतलंही होतं. तेवढ्यात पाड्यातून एक म्हातारी आली. सोमीबाई तिचं नाव. नखांत अजून भगवा रंग होता. आम्ही काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मीच लावलाय."

मग तिने जे सांगितलं ते ऐकताना मला कुठे बघावं कळेना. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही तो दगड धुतला होता. आम्ही कसले, मीच. त्यावर शेंदराचे जाड थर होते. खालचं कोरीवकाम दिसावं म्हणून मी दिवसभर खपून ते काढले, फोटो ग्रुपवर टाकले आणि शाबासकी घेतली. पाड्यात एका माणसाला विचारलं नव्हतं. सोमीबाईसाठी तो वीरगळ नव्हता, पाड्याचा राखणदार होता. तिच्या सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, सातवा चालू होता. त्या बाळासाठी नवस बोलून तिने शेंदूर लावला आणि तोच आम्ही धुऊन टाकला. म्हातारी घाबरली. बाजारात जाऊन दुकानदाराला म्हणाली, पाण्याने जाणार नाही असा रंग दे. त्याने दिला.

"शेंदूर तुमी धुतलात," ती मला म्हणाली. "ह्यो नाय धुवायचा."

मी सही केली नाही. किशनभाईंचा पारा जरा उतरला, पण त्यांनी अर्ज फाडलाही नाही. रंग काढू देत असेल तर ठीक, म्हणाले. आडवी आली तर सोमवारी अर्ज पोलीस ठाण्यात जाणार. त्यांचंही चूक नव्हतं. ऑइलपेंटखाली दगडातला ओलावा कोंडतो, मग दगडाचे पापुद्रे सुटतात आणि कोरीवकाम त्यांच्याबरोबर जातं. शेंदूर परवडला, पण ऑइलपेंट नको.

सोमीबाईची एकच अट होती. त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिचा नवरा भगत होता. तो गेल्यापासून कौल तीच लावायची. माझ्या नोकरीत मी परवानग्या पुष्कळ काढल्या, पण अशी पहिलीच.

तिने जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या आणि आम्ही सगळे खाली बसलो. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. अर्धा तास झाला तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. सोमीबाईने पुन्हा पाणी शिंपडून नव्या लावल्या. त्याही तशाच. तिचा चेहरा उतरला. एरवी इतका वेळ लागत नाही, म्हणाली. तो रागावला असेल तर त्या पोटातल्या जिवाचं काय, हेच तिच्या मनात असणार.

मला कारण ठाऊक होतं. सांगायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न होता. देव रागावलाय म्हटलं असतं तर तिने मुकाट रंग काढू दिला असता आणि घरी जाऊन सुनेकडे बघून रडत बसली असती. ते मला जमलं नाही.

"मावशी, तो रागावला नाही," मी म्हणालो. "दगडाला बारीक बारीक भोकं असतात. पाकळीचं पाणी ती पिऊन घेतात, मग पाकळी सुटते. रंगाने भोकं बुजलीत. पाणी आत जात नाही, म्हणून ती सुटत नाही."

तिने दगडावरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी मीच त्याचं त्वांड बांदलं."

"तुम्ही नंतर. आधी चुकलो मी."

तिने पदराने डोळे पुसले. आधी त्याचं तोंड सोडवा, मग विचारू, म्हणाली. आणि त्याला दुखेल का? मी सांगितलं, आम्ही खरवडणार नाही, पोटीस बांधणार. आमच्या धंद्यात खरोखरच तसं करतात. कागदाच्या लगद्यात रंग सोडवणारं औषध कालवायचं, दगडावर लिंपायचं आणि वर प्लास्टिक बांधायचं. रंग फुगून सुटतो, मग लाकडी पट्टीने अलगद उचलायचा. गळवाला बांधतात तसंच आहे, हे ऐकून ती जरा हसली. अळशीचं पोटीस तिने कित्येकांना बांधलं होतं.

तीन रविवार लागले. औषधाला वास उग्र, म्हणून मी तिला लांब बसवायचो. तरी ती तिथून हळू, हळू म्हणत राहायची. तिसऱ्या रविवारी दगड कोरडा झाल्यावर, झालं ते त्याला मान्य आहे का म्हणून तिने पुन्हा पाकळ्या लावल्या. मी केमिस्ट आहे, दगड किती पाणी पितो ते मला माहीत आहे. तरी मी पाकळीवरून नजर काढली नाही. दहा मिनिटांत उजवी पाकळी पडली. किशनभाईंनी खिशातला अर्ज काढून फाडला आणि तुकडे कुठे टाकू म्हणून मलाच विचारलं.

शेंदूर आता समोरच्या एका गोट्याला लागतो. तो गोटा तिनेच नदीतून निवडून आणला. सुनेला मुलगी झाली, सरकारी दवाखान्यात, सुखरूप. त्याचं श्रेय डॉक्टरांचं, असं मी किशनभाईंना सांगतो. सोमीबाईला सांगत नाही.

जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती कोणाची आहे ते विचारावं, हे आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. मी पहिलं पान सोडून सगळं पाठ केलं होतं. परवा शेवाळ काढायला ब्रश घेऊन गेलो, तर सोमीबाई कडेवर नात घेऊन आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला इचारलंत?"

मी ब्रश खाली ठेवला आणि जास्वंद शोधायला गेलो.