हरवलेला पाऊस

प्रत्येक गोष्टीत ‘का?’ विचारायची खोड होती, म्हणून भावंडांनी लहानपणीच त्यांचं नाव ‘काताई’ पाडलं. ते ऑफिसातही चिकटलं. वैमानिकांना वाट दाखवणारं ॲप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्या तक्रारी ऐकायचं काम करत. त्या ॲपच्या नकाशावर रडारने टिपलेला पाऊस रंगांत दिसे, हलका हिरवा आणि जोराचा लाल.

एका दुपारी डोंगरापलीकडच्या गावांना औषधं पोचवणाऱ्या एका वयस्कर वैमानिकाचा फोन आला. नकाशा दिसत होता, विमान दिसत होतं, पाऊस तेवढा गायब.

“ताई, माझ्या टॅबवर आकाश एकदम स्वच्छ आहे. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या टॅबवर मात्र डोंगरापाशी लालच लाल. खरं कुणाचं मानायचं?”

“लाल दाखवतोय त्याचं माना, काका. आणि कारण सापडेपर्यंत उडू नका.”

तसा त्यांचा इरादाही नव्हता. त्यांनी टॅब बंद करून चालू केला होता, ॲप काढून पुन्हा घातलं होतं. इंटरनेट ठीक होतं, पावसाचं बटणही चालूच होतं. दोघांकडे ॲप तेच, जागा तीच, मग एकाचाच पाऊस कुठे गेला? काताईंना चैन पडेना. त्या उलटसुलट विचारत राहिल्या आणि काकाही न कंटाळता सांगत राहिले. बोलता बोलता ते म्हणाले, “लवकर काहीतरी करा, अडीच वाजत आले.”

काताईंनी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात दोनच वाजत होते.

“काका, वेळ कुठे पाहिलीत?”

“टॅबवर.”

“आणि मनगटावर?”

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “दोन!” टॅबचं घड्याळ अर्धा तास पुढे होतं. शिळं चित्र पाहून कुणी फसू नये, म्हणून जुनी झालेली रडारची चित्रं ॲप आपणहून काढून टाकत असे. या टॅबच्या लेखी आत्ता आलेलं चित्रही अर्ध्या तासापूर्वीचं होतं. ॲप बिचारं प्रामाणिकपणे ते टाकून देत होतं.

घड्याळ पुढे कुणी केलं, ते काकांना सांगावं लागलं नाही. त्यांना निघायला रोज उशीर होतो, म्हणून काकूंनी घरातली सगळी घड्याळं पुढे केली होती आणि त्या ओघात टॅबही सुटला नव्हता. काका पोट धरून हसले. वेळ नीट लावताच डोंगरावर लाल रंग उमटला. औषधं त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवली.

तक्रार मिटली, पण काताईंच्या डोक्यातून ती जाईना. त्यांनी ॲप लिहिणाऱ्यांच्या प्रमुखासमोर दोन टॅब ठेवले. एकावर दिसणाऱ्या भागात खरोखरच पाऊस नव्हता, दुसऱ्यावर पावसाची माहितीच नव्हती; दिसायला दोन्ही सारखेच स्वच्छ. कुठला कोणता, एवढंच त्यांनी विचारलं. त्याने दोन्ही टॅब हातात घेऊन बराच वेळ निरखले आणि खुर्ची जवळ ओढली. महिन्याभरात माहिती नसलेला भाग नकाशावर करडा दिसू लागला आणि घड्याळ चुकलं असेल तर ॲप तसं स्पष्ट सांगू लागलं.

पुढे एकदा काकूंचाच फोन आला. टॅबला आता हात लावत नाही, पण भिंतीवरचं घड्याळ पुढे ठेवलं तर चालेल ना, असं त्या विचारत होत्या.

“खुशाल ठेवा,” काताई म्हणाल्या. “पण काकू, काकांना निघायला एवढा उशीर होतो तरी कशामुळे?”

मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या.