पंचनाम्याची नक्कल

ती घटना मला अजून आठवते. खरे सांगायचे तर विसरू म्हटले तरी विसरत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. या प्रकरणात रक्ताचा थेंब नव्हता की कुणाच्या घरच्या चमच्याचीही चोरी नव्हती, तरी तेच तेवढे शाबूत राहिले आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. खेड्यातल्या गरीब तरुणांना काही हुन्नर शिकवून पायावर उभे करायचे, अशी सरकारी योजना तेव्हा जोरात होती. आमच्या गावीही केंद्र होते. सहा महिने शिकायचे, परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट घ्यायचे. नरडाण्याला कारखाने येणार, शिकलेल्यांना आधी घेणार, अशी हवा असल्याने जो तो सर्टिफिकेटाच्या मागे होता. शिकण्याच्या मागे किती होते, ते सांगत नाही.

एक दिवस एका कारखान्याचा सुपरवायझर पत्र घेऊन आला. मोटार भरण्याचे, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळण्याचे, पहिल्या वर्गाचे सर्टिफिकेट घेऊन एक तरुण त्यांच्याकडे लागला होता. पहिल्याच दिवशी समोर मोटार ठेवली तर गडी ती नारळासारखी फिरवून बघत बसला. ‘तुमच्या केंद्रात सर्टिफिकेट विकतात की काय, ते बघा,’ सुपरवायझर म्हणाला.

स्टेशन डायरीला नोंद केली आणि केंद्रातल्या मास्तरला बोलावले. बिचारा परगावचा, हंगामी नोकर. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्याला बाकावर बसवून ठेवले. गावात बभ्रा झाला, केंद्राने त्याला कामावरून थांबवले. त्याचे एकच म्हणणे: तो माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होता, त्याच्या हाताला डोळे होते. मी वैतागून म्हणालो, चोर तो चोर आणि वर शिरजोर. ते शब्द आज मला टोचतात.

तो तरुण एका बागायतदाराचा मुलगा. योजना गरिबांची, पण बापाचे वजन असल्याने नाव यादीत बसले होते. तोही शपथेवर सांगत होता की मी सहा महिने केंद्रात गेलो. हजेरीपटावर थोडे खाडे सोडले तर रोजची सही होती. त्या काळी अर्जावर फोटो लागत नसे. मास्तरच खोटा असे धरून चाललो असल्याने दोघांना समोरासमोर उभे करायचे मला सुचले नाही. दोघेही ठाम, आणि तपास जागच्या जागी.

आमच्या ठाण्यात एक जमादार होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, शेतकरी घरातले. त्यांना सगळे नाना म्हणत. दुपारी भाकरी खाता खाता त्यांनी हजेरीपट पुढे ओढला आणि बराच वेळ बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “साहेब, हा खाडा मालकाच्या पोराचा नाही. हा सालदाराचा खाडा आहे.”

आमच्याकडे सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपते. वर्षभर एका मालकाकडे राबलेला गडी त्या वेळी सुटतो, घरी जातो, आणि पुढच्या वर्षाची बोलणी होऊन पुन्हा कुणाच्या तरी कामाला लागतो. हजेरीपटावर आखाजीच्या आदल्या दिवसापासून आठ दिवस गैरहजेरी होती. पुढे कपाशीच्या धूळपेरणीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या पेरणीच्या, दिवसांत आणखी तीन खाडे. ज्या पोराने कधी पांभर धरली नाही, तो पेरणीला घरी कशाला राहील? मी पोलीस प्रशिक्षणात बरेच शिकलो, पण हे कुणी शिकवले नव्हते.

बागायतदाराचा सालदार दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला. तिशी उलटलेला, चौथीपर्यंत शिकलेला. वयाने आणि शिक्षणानेही योजनेत न बसणारा. त्याने काहीच लपवले नाही. मालकाच्या पोराला केंद्रात बसायचा कंटाळा, म्हणून मालकाने दुपारच्या वेळी याला धाडले. आधी हुकूम म्हणून गेला, मग गोडी लागली. मालकाच्या पोराच्या नावाची सही तो घोटून घोटून शिकला होता. आखाजीला दुसरा मालक जास्त द्यायला तयार असतानाही हा जुन्याच घरी राहिला. का राहिलास, असे मी विचारले.

“मालकनी इचारं, औंदा काय जोयजे? मी म्हनं, धोतर नको, पायतन नको, मनं शिकनं पुरं व्हऊ द्या.”

नानांनी त्याच्यासाठी चहा सांगितला.

आता पुरावा हवा होता. नेमकी आमच्या आवारातल्या विहिरीवरची मोटार जळून पडली होती आणि शिपाई बादलीने पाणी ओढून कंटाळले होते. एक चहावाला आणि एक शिक्षक, असे दोन पंच बोलावले. मास्तरलाही बसवले. सालदाराने जळकी तार काढली, खाचांत कागद बसवला, वेढे मोजत नवी तार भरली, दोऱ्याने बांधून वार्निश लावले. उन्हात वाळवून दुसऱ्या दिवशी मोटार बसवली. बटण दाबले आणि पाणी चढले. मास्तरने डोळे पुसले. सालदार मात्र मोटारीला कान लावून उभा होता.

मी पंचनामा लिहिला. त्याचे पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव. सदर इसमाने पंचांसमक्ष मोटार स्वतः भरली व ती व्यवस्थित चालली. रीतीप्रमाणे वाचून दाखवला. तो म्हणाला, परत वाचा. मी परत वाचला. मग सहीसाठी पेन दिले, तर हात सवयीने मालकाच्या पोराच्या नावाकडे वळला. तो थांबला, पेन खाली ठेवून त्याने अंगठा दिला.

गुन्हा दाखल झाला: तोतयेगिरी, फसवणूक. मुलगा आरोपी नंबर एक, बाप दोन, सालदार तीन. मास्तर सुटला, पण त्याची नोकरी परत मिळाली नाही. बाप-लेकांना चोवीस तासांच्या आत जामीन मिळाला. सालदाराला जामीनदार मिळायला आठ दिवस गेले. त्याला साक्षीदार करता येईल का, म्हणून मी वर विचारून पाहिले. उत्तर आले, कायद्यापुढे सगळे सारखे. पुढच्या आखाजीला त्याला कुणी सालाने ठेवले नाही.

खटला रेंगाळला. माझी बदली भुसावळला झाली, तिथून साक्षीला येत राहिलो. असा पंचनामा कायद्यात बसतो का, यावरच वकील दोन तारखा भांडले. दरम्यान हजेरीपट गहाळ झाला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. बागायतदाराने कोर्टाच्या आवारात पेढे वाटले.

सालदार बाजूला उभा होता. मला वाटले, तो मला चार शब्द सुनावेल. त्याचा तो हक्क होता. जवळ येऊन त्याने हात जोडले.

“साहेब, त्या पंचनामानी नक्कल माले भेटी का? त्यामा मनं नाव शे.”

कोर्ट फीचे तिकीट लावून अर्ज मीच लिहून दिला.

पुढे एकदा शिंदखेड्याच्या रस्त्यावर गाडी थांबवली होती. पत्र्याच्या शेडमध्ये जळक्या मोटारींची रांग, आणि मधे तो. भिंतीवर काचेच्या चौकटीत कोर्टाच्या शिक्क्याचा कागद टांगलेला. नवे गिऱ्हाईक आले की तो कागदाकडे बोट दाखवतो, असे तिथल्या चहावाल्याने सांगितले.

गुन्हेगार म्हणून ज्याला उभे केले, सहा महिन्यांत शिकलेला तेवढा तोच होता, हे मला तेव्हाही कळत होते. कळून मी काय केले, तर नियमाप्रमाणे तपास केला. त्या योजनेत आमच्या तालुक्यात किती सर्टिफिकेटे वाटली गेली, मला ठाऊक नाही. खरे म्हणून ज्याची मी खात्री देऊ शकतो असे एकच आहे. ते माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात गुन्हा नंबर लिहिलेला आहे.