जमादारीणबाई आणि रिकामा मजला

ऑफिसात पाठीमागे बाईंना जमादारीण म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लोकांनी लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारा एक कंपायलर त्या ऑफिसात तयार व्हायचा, आणि त्याच्या दारावरचा पहारा गेली एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होता. आकड्याच्या जागी आकडा आहे ना, नावाच्या जागी नाव आहे ना, हे प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासायचं आणि नसेल तर तिथूनच परत पाठवायचं. नुसतं परत नाही, झापून. चुका दाखवणारे संदेश त्यांनीच लिहिले होते, आणि त्यातले निम्मे वाचून भल्याभल्यांना आपण शाळेत नक्की काय केलं असा प्रश्न पडायचा.

सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून लोकांच्या चुका काढते. घरी फुकट, तिथे पगार घेऊन."

एका मंगळवारी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीतल्या प्रोग्रॅमरची तक्रार आली. तुमच्या कंपायलरनं निर्दोष म्हणून सोडलेला आमचा प्रोग्रॅम चालता चालता कोसळला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये पाऊण तास लटकली. आत आमचे मालक होते.

मालक नसते तर तक्रार सहा महिन्यांनी आली असती, ही गोष्ट वेगळी.

बाईंनी उभ्या उभ्या उत्तर ठोकलं: "कंपायलर बरोबर आहे. आपला प्रोग्रॅम पुन्हा वाचावा."

तासाभरात लिफ्टवाल्याचं उलट टपाल आलं: "सहा वेळा वाचला. आता मालक स्वतः वाचायला बसलेत. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते वाचतायत. कृपा करा." सोबत चार हजार ओळींचा अख्खा प्रोग्रॅम जोडला होता.

शेजारच्या टेबलावर, ज्याला सगळे दाढी म्हणत, तो बसायचा. वयानं बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण दाढी दोन पिढ्यांची. तो म्हणाला, "बाई, बघा तरी एकदा."

"बघायचंय काय त्यात? गेल्या वर्षी तू फंक्शनच्या भागात हात घातला होतास."

"मी एक स्पेलिंग सुधारलं होतं."

"सुरुवात अशीच होते."

पण बाई हट्टाला पेटल्या की पेटल्या. दाढीची चूक त्याच्या पदरात घालायचीच, म्हणून त्या कामाला लागल्या. प्रोग्रॅममधल्या शंभर ओळी उडवायच्या, चालवून बघायचं, अजून कोसळतोय? मग आणखी शंभर उडवायच्या. तीन दिवसांत चार हजाराच्या नऊ ओळी उरल्या, आणि त्या नऊ ओळी बाईंनी पुन्हा पुन्हा वाचल्या.

प्रोग्रॅममध्ये 'मजला' नावाची एक जागा होती. तिच्यात एकतर आकडा असे, नाहीतर ती रिकामी असे. लिफ्टवाल्यानं शहाण्यासारखं आधी विचारलं होतं, मजला रिकामा नाही ना? नाही. ठीक. मग त्यानं दार लावायचं फंक्शन, म्हणजे तेवढं काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, बोलावलं. ते फंक्शन दार लावता लावता कधीमधी मजला पुसून टाकायचं. पुढच्या ओळीत प्रोग्रॅम मजल्याचा आकडा मागायला गेला, तर तिथे शून्यसुद्धा नाही. आणि कंपायलरमधला पहारेकरी? त्यानं एकदा ती जागा भरलेली पाहिली होती, त्या भरवशावर तो निवांत डुलक्या काढत होता.

शुक्रवारी मीटिंग झाली. साहेब, दाढी आणि सगळी टोळी हजर होती. बाईंनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कंपायलरमधली ही डुलकी काढणारी ओळ दाखवली आणि सगळ्यांसमोर, दाढीकडे तिरका कटाक्ष टाकत, ही ओळ कुणी लिहिली असं कॉम्प्युटरला विचारलं.

पडद्यावर बाईंचं नाव आलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. ओळीच्या डोक्यावर टीप होती, तीही बाईंचीच: "हे बरोबर आहे. पुन्हा विचारू नये."

साहेबांनी ते नाव पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. दाढीनं आपली दाढी तोंडात धरली होती. हसू दाबायला तिचा उपयोग होतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

सोमवारी त्यांनी दुरुस्ती केली, ती रागाच्या भरात. मध्ये कुठलंही फंक्शन आलं की कंपायलरनं आधी तपासलेलं सगळं विसरायचं! टेस्ट चालवल्या तर दोनशे बारा लाल, म्हणजे नापास. ओल्याबरोबर सुकंही जळलं. ज्या बिचाऱ्या फंक्शननी कधी कुणाचा मजला पुसला नव्हता, तीही चोर ठरली.

"दाढी," बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "जरा इकडे ये."

एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला असं बोलावलं नव्हतं. दाढी खुर्चीसकट घरंगळत आला. दोघांनी मिळून ठरवलं: जे फंक्शन ती जागा खरोखर बदलू शकतं, त्याच्यानंतरच विसरायचं. बाकीच्यांवर विश्वास. लिहायला दोन दिवस, भांडायला चार.

नवा कंपायलर लिफ्टवाल्याकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन.

"बाई, हे काय केलंत? सतरा ठिकाणी अडवतोय! आधी निदान चालत तरी होतं!"

"लटकत होतं," बाई म्हणाल्या. "काढा पहिली जागा. मीही उघडते."

तीन दुपारी दोघं फोनवर बसली. सोळा जागी खरंच खोट होती. सतराव्या जागी लिफ्टवाला चाचरत म्हणाला, "इथे मात्र मला वाटतं, माझं बरोबर आहे." बाईंनी दोनदा वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं, आणि त्याचं बरोबर होतं.

कंपायलरमधली ती दुरुस्ती त्यांनी संध्याकाळच्या आत लिहिली आणि तपासायला दाढीकडे दिली. दाढीनं दोन बदल सुचवले. बाईंनी एक मान्य केला.