टोरोंटोच्या दारातला झेंडू

देवी गड सोडून बाहेर जाते का, हा प्रश्न मला टोरोंटोला जायचं ठरलं तेव्हा पडला. त्याआधी पडायचं कारणच नव्हतं. आमचं घर मखमलाबादला, नाशिकच्या कडेला. फुलांची शेती, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. काही अडलं-नडलं की गाडी काढायची, दीड-दोन तासांत वणीचा गड. आईसमोर उभं राहून ओटी भरायची, राग आला असेल तर दोन शब्द सुनवायचेसुद्धा, आणि प्रसादाची फुलं पदरात बांधून परत. पण आता लेक टोरोंटोला. पल्लवी पहिलटकरीण, बाळ पोटात आडवं, त्यात रक्तदाब. तिथं गड कुठून आणायचा? ह्यांच्याजवळ बोलले तर म्हणाले, "तू चालली ना तिकडं? मग झालं. का देवीचंबी तिकीट काढू?" माणूस असा! मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

पल्लवीने निघायच्या आधी मला एक यादी पाठवली होती. टोरोंटोत कसं वागायचं त्याची एकवीस कलमं. मी म्हटलं, एकवीस काय, मोदक आहेत का? कलम पहिलं असं की खायचं, फुलं, बी-बियाणं, माती, जे काही बरोबर असेल ते विमानतळावर आपणहून सांगायचं, लपवायचं नाही. मी विचार केला, गडावरची फुलं म्हणजे काय सामान आहे? ती तर देवी. निघायच्या आदल्या दिवशी आणलेली पाच फुलं खणाच्या घडीत गुंडाळून मी पर्समध्ये ठेवली. टोरोंटोला उतरले, तर एक एवढंसं लांब कानांचं कुत्रं आलं आणि माझ्या पर्सजवळ शहाण्यासारखं बसून राहिलं. मला इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, मुक्या जनावराला माणूस बरोबर कळतं. मागून त्याची अधिकारी बाई आली तेव्हा कळलं की त्याला माणूस नाही, झेंडू कळला होता.

बाई भली होती. तीन वेळा सॉरी म्हणाली, खण मला परत दिला, आणि फुलं काढून घेतली. मी तिथंच ढसाढसा रडले. ती फुलं मी लेकीच्या उशाखाली ठेवणार होते. मनात आलं, एवढ्या लांब आले आणि दारातच आईने हात सोडला. आता माझ्याजवळ लेकीला द्यायला आहे काय?

त्यानंतरचे दहा दिवस मी ती यादी शिकण्यात घालवले, आणि खरं सांगते, मजा आली. घरात शिरताना चपला-बूट दारातच काढायचे, हे तर आपलंच. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. कपडे एकावर एक चढवायचे, कांद्यासारखे, म्हणजे आत गेलं की सोलता येतात. ट्राममध्ये चढलं की कार्ड टेकवायचं, मग दोन तास कुठंही चढा-उतरा, आणि उतरायचं असेल तर आधी बटण दाबायचं. रस्ता ओलांडताना आपल्यासारखा हात दाखवत पळायचं नाही. खांबावरचं बटण दाबून थांबायचं. मी पहिल्या दिवशी हात दाखवत पळाले, तर चारी बाजूंच्या गाड्या थांबल्या आणि मी मधोमध मिरवणुकीतल्यासारखी. पल्लवी पोट धरून हसली. मी म्हटलं, हसू नकोस बाई, बाळ हलेल. तर म्हणाली, "हलू दे, सरळ तरी होईल!"

बाळ काही सरळ झालं नाही. दवाखान्यात जावई तिला तपासायला घेऊन गेले त्या दिवशी सकाळी साडेअकराला त्यांचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, एक वाजता ऑपरेशनला आत नेणार. "आई, मला इथून हलता येत नाहीये. तुम्ही घरीच थांबा, काळजी करू नका, मी..." पुढचं मी ऐकलंच नाही, फोन ठेवला. मी पल्लवीला शब्द दिला होता. ती आत जायच्या आधी मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते. घरी काय थांबा? यादीत दवाखान्याची ट्राम लिहिलेली होती. अंगावर चार थर चढवले, कार्ड घेतलं, यादी घेतली आणि निघाले. माझा फोन फक्त घरातल्या वायफायवर चालतो, हे रस्त्यावर आल्यावर आठवलं.

इथं माझा एक स्वभाव सांगायला हवा. सकाळी फिरायला निघालेले लोक कुंपणात हात घालून आमची फुलं तोडतात आणि वर म्हणतात, "देवाला न्यायला पाप नाही हो." मी अशांची कधी गय केली नाही. "मग देवालाच पाठवा की तोडायला!" असं ओरडून मी वयानं मोठ्या माणसांनाही पिशवी तिथंच टाकून पळायला लावलंय. तर अशी मी. पल्लवीच्या घरापासून चौथ्या घरासमोर आले आणि पाय थबकले. छोटंसं अंगण, आणि कुंपणाला लागून झेंडू. केशरी, भरलेला, अगदी आपल्या बागेतला. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मनात म्हटलं, आई, फक्त पाच. देवाला न्यायला पाप नाही. आणि कुंपणात हात घातला.

पाचवं फूल तोडलं आणि दार उघडलं. पंचाहत्तरीची एक आजी, काळा झगा, पायांत लोकरीचे मोजे. आता पोलीस, आता जावयाची अब्रू, आणि तिकडे एक वाजता लेक आत. मी फुलांसकट हात जोडले आणि यायचं तेवढं इंग्रजी एका दमात बोलले. डॉटर, बेबी, हॉस्पिटल, टुडे, गॉड, सॉरी. आजीने आधी फुलांकडे, मग माझ्याकडे बघितलं. मग तिने मागे वळून दाराच्या बाजूच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं निळ्या-पांढऱ्या फरशीवर चित्र होतं. एक आई, डोक्यावर पदर, कडेवर बाळ. आजी छातीवर हात ठेवून म्हणाली, "ममा." तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच होतं, तुटकं. ती तरुणपणी पोर्तुगालहून आलेली, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मी चोरी केली तीही एका आईच्या दारात.

आजी आत गेली. मला वाटलं, फोन करायला. ती कात्री घेऊन आली! आणि सरळ सगळा झेंडू कापायला लागली. मी "नो, नो" म्हणत तिचा हात धरला. फुलाची झाडं कशी वाढवतात ते मला माहीत आहे हो. तर ती आभाळाकडे बोट करून म्हणाली, "टुनाइट, फ्रॉस्ट," आणि खांदे आवळून कुडकुडल्याचं करून दाखवलं. आज थंडीचा कडाका पडणार होता. उद्या सकाळी सगळा झेंडू काळा पडला असता. शेतकरणीला आणखी काय समजवायचं? मीही खाली बसले आणि दोघींनी मिळून फुलं खुडली. घाईत असताना मी फुलं खुडत बसले, ह्याचं मलाच नवल वाटतं. पण चार मिनिटं मला धडधड झाली नाही.

मग मी तिला यादी दाखवली, ट्रामच्या नंबरावर बोट ठेवून. ती जोरजोरात मान हलवू लागली. रुळांचं काम निघालं होतं, ती ट्राम त्या दिवशी येणारच नव्हती! मी थांब्यावर जाऊन उभी राहिले असते आणि एक वाजेपर्यंत उभीच राहिले असते. आजीने मोज्यांवर बूट चढवले, किल्ली घेतली आणि एक जुनी निळी गाडी बाहेर काढली. गाडी इतकी हळू चालवत होती की मी अख्ख्या वाटेनं देवीचा जप केला, अर्धा पल्लवीसाठी आणि अर्धा ॲक्सिलरेटरसाठी. तिच्या ओठांवरही काहीतरी चालू होतं.

दवाखान्याच्या दारात कवेत एवढा फुलांचा भारा घेऊन मी उतरले, तर आतल्या बाईने अदबीनं अडवलं. वासाची वस्तू वर न्यायची नाही, नियम आहे. सॉरी. पुन्हा तेच! गडावरची फुलं विमानतळावर गेली, ही दवाखान्याच्या दारात. पण ह्या वेळी मला रडू आलं नाही. घड्याळात पाऊण वाजला होता. मी भारा मागून आलेल्या आजीच्या हातात दिला आणि मनात म्हटलं, घे आई, तुझं तुझ्याजवळ ठेव. मी रिकाम्या हातांनी जाते, पुढचं तुझं तू बघ. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पल्लवीला न्यायला पलंग हलवलाच होता. डोक्यावर ती कागदी टोपी, चेहरा भेदरलेला. जावई म्हणाले, "आई, तुम्ही? कशा आलात?" मी दोन्ही हात तिच्या गालांवर ठेवले, डोक्यावर ठेवले. तिने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि हसली. "आई," ती म्हणाली, "बागेतून आलीस?"

झेंडू खुडला की हाताचा वास दिवसभर जात नाही. माझ्या लक्षातच नव्हतं. दारातल्या बाईने फुलं अडवली होती, पण हात तर माझेच होते.

नात झाली. ठणठणीत, आणि आवाज तर माझ्यावर गेलेला.

बाराव्या दिवशी बारशाच्या घुगऱ्या, नारळ आणि तो गडावरचा खण घेऊन मी आजीकडे गेले. ह्या वेळी बेल वाजवली. दाराशेजारी त्या निळ्या आईच्या गळ्यात आमच्या झेंडूची माळ होती, वाळलेली. मी आजीची ओटी भरली. ओटी म्हणजे काय हे तिला काय ठाऊक? पण मी तांदळाची ओंजळ पुढे केली तर तिने आपोआप झग्याचा घोळ पसरला, आणि मग दोघी वेड्यासारख्या रडलो आणि हसलो. ह्यांना फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "मंग, तिकीट नाय लागलं ना तिला?"

देवी गड सोडून जाते का, मला आजही माहीत नाही. विचारायचं मात्र मी सोडलं. हात घट्ट आवळून धरले होते तोवर त्यात माझीच मूठ होती. उघडले तेव्हा तिला काहीतरी ठेवता आलं. आता नाशिकहून कुणी टोरोंटोला निघालं की माझ्याकडे यादी मागायला येतात. मी ती देते. ट्रामचं काम चालू आहे का ते आधी बघा, बाहेर चालेल असं सिमकार्ड घ्या, पिशवीतलं सगळं आपणहून सांगा, दवाखान्यात फुलं नेऊ नका. आणि बाविसावं कलम माझं: कुणाच्या अंगणातलं फूल हवं असेल तर बेल वाजवा.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी बागेत गेले, तर पलीकडच्या सोसायटीतल्या एक मावशी कुंपणात कोपरापर्यंत हात घालून उभ्या. मला बघून त्या दगडासारख्या थिजल्या. पूर्वी माझ्या तोंडाचा पट्टा त्यांच्यावर चालला होता.

"सॉरी हं मावशी," मी म्हटलं. "थांबा, कात्री आणते."