बारावं फूल

लिथुआनियाला जायचं ठरलं ते माझ्या कामामुळे. साल २००६. आम्ही तेव्हा टेक्ससमध्ये, प्लेनोला राहत होतो. आमच्या कंपनीनं लिथुआनियातल्या एका लहान गावातलं ऑफिस विकत घेतलं होतं आणि त्यांची सिस्टीम आमच्या सिस्टीमला जोडायचं काम माझ्याकडे आलं. दोन आठवडे लागणार होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी बायकोला मी भारत आणि अमेरिका सोडून तिसरा देश दाखवला नव्हता, म्हणून तिलाही बरोबर नेलं. चौदा वर्षांची मुलगी शाळेमुळे मागे राहिली, दोन घरं सोडून राहणाऱ्या एका मराठी मावशींकडे. घरचे गणपती नुकतेच झाले होते. एकवीस मोदक मीच मोजून ताटात ठेवले होते, आणि बाविसावा बायकोनं "हा फुटलाय" म्हणून तिथंच खाल्ला होता.

प्लेनोत तेव्हा पंखा लावल्याशिवाय झोप येत नव्हती. तिकडे सकाळी स्वेटर लागायचा. बर्चची पानं कडेनं पिवळी पडायला लागली होती आणि रविवारी सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जायचं. मशरूम वेचायला. बसथांब्यावर म्हाताऱ्या बायका टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या आणि एकमेकींच्या टोपलीत डोकावायच्या.

तिथल्या ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्यानं आम्हाला रविवारी त्याच्या आईकडे जेवायला बोलावलं. घर जंगलाला लागून, मागे सफरचंदाची झाडं. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिनं पहाटे उठून वेचलेले मशरूम लोणी आणि शेपू घालून परतले होते. थाळा टेबलावर आला तसं बायको माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी नाही हं. कुत्र्याच्या छत्र्या आहेत त्या."

"अगं, घरी मटर मशरूम करतेस ना?"

"ते डब्यातले. यांना कुणी तपासलंय?"

"माउलीनं पहाटे उठून गोळा केलेत. दोन खा. मान राख."

तिनं दोन वाढून घेतले. मी चार खाल्ले. मी घड्याळ पाहिलं होतं असं नाही, पण जेवायला बसलो तेव्हा चर्चची घंटा दोनदा वाजली होती, हे मला पुढे फार उपयोगी पडलं. जेवण झाल्यावर सहकाऱ्यानं मला सफरचंदांचं झाड दाखवायला बाहेर नेलं. बायको आत त्याच्या आईजवळ बसली. भाषा नसताना त्या दोघी खूप हसत होत्या.

सोमवारी सकाळी सात वाजता बायको हॉटेलच्या बाथरूममध्ये गेली ती अर्धा तास बाहेर आलीच नाही. आली तेव्हा भिंत धरून. उलट्या, पोटात कळा, हात बर्फासारखे.

"बाहेरचं खाणं बाधलं," ती म्हणाली. "होईल बरं."

मी सहकाऱ्याला फोन केला. तो आधी ठीक बोलत होता. मग त्यानं विचारलं, "केव्हापासून?" मी म्हटलं, सातपासून. तो म्हणाला, "आम्ही सगळे बरे आहोत. पण तू खाली ये, मी गाडी घेऊन निघतोय."

गाडीत त्यानं मला हळू आवाजात समजावलं, आणि समजावलं नसतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. मशरूम बाधून लगेच उलट्या झाल्या तर फारसं भ्यायचं कारण नसतं. जो खरा जीव घेणारा असतो, तो आधी गप्प राहतो. सहा तास, बारा तास, कधी चोवीस. मग उलट्या होतात. मग माणसाला एक दिवस बरं वाटतं, आणि तोपर्यंत यकृत गेलेलं असतं. चार खाऊनही मी बरा होतो, पण थाळ्यात तसला एखादाच आला असला तरी पुरे, म्हणाला. दुपारी दोन ते सकाळी सात. मी बोटांवर मोजलं, सतरा. मग पुन्हा मोजलं.

मागच्या सीटवर ती डोळे मिटून पडली होती. "काय म्हणतोय तो?" तिनं विचारलं.

"ट्रॅफिक नाही म्हणतोय."

इस्पितळ जुनं होतं, उंच छताचं. डॉक्टर एक तरुण बाई, इंग्रजी चांगलं बोलणारी. केव्हा खाल्लं, कुठून वेचलं, किती खाल्लं, असं तिनं विचारलं. बायको बादलीवर वाकलेली होती. उत्तरं मी दिली. "दोन," मी म्हटलं. "फक्त दोन." डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

सलाईन लावलं. कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजली. नर्सनं ताप पाहून तक्त्यावर ३७.८ लिहिलं. आमच्याकडे ताप म्हटला की शंभर, एकशे एक, एकशे दोन. अमेरिकेतही तेच. हा आकडा माझ्या डोक्यात कुठेच बसेना. मी पाकिटाच्या मागे गुणाकार करून शंभरवर आणला, तेव्हा कुठे तो मला ताप वाटला.

यकृताचा एक आकडा डॉक्टर रक्तातून काढणार होती, दर बारा तासांनी. चाळीसपर्यंत ठीक. हजारावर गेला तर मोठ्या शहरात हलवावं लागेल, ती म्हणाली, आणि पुढचं तिनं सांगितलं नाही.

सोमवारी सकाळचा आकडा एकतीस. संध्याकाळचा अडतीस.

"अजून नॉर्मलच आहे," डॉक्टर म्हणाली.

"पण वाढला."

"हो. वाढला."

मी ते दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसलो. दोन बिंदूंवरून काही ठरत नाही, हे मी ऑफिसात ज्युनियर मुलांना कितीदा सांगितलं असेल. इथं मी त्या दोन बिंदूंतून रेघ ओढत होतो आणि ती जिथं जात होती तिथं बघायची मला हिंमत होत नव्हती. दोन खा, मान राख. कुणाचा मान? ती नको म्हणाली होती.

मुलीचा फोन आला. तिकडे दुपार होती, जेवायची सुट्टी.

"बाबा, व्हाय इज आई नॉट पिकिंग अप?"

"झोपलीये गं. पोट बिघडलंय थोडं."

"डिड शी ईट समथिंग वीअर्ड?"

"हो."

"यू मेड हर, डिडन्ट यू," ती हसत म्हणाली. तिला गंमत वाटत होती. मी म्हटलं, बेटा, इथं आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी बायकोला बरं वाटायला लागलं. उलट्या थांबल्या. उठून बसली, केस विंचरायला कंगवा मागितला. कुणाही नवऱ्याला आनंद झाला असता. मला गाडीतलं ते वाक्य आठवलं, की मधे एक दिवस बरं वाटतं. तिसरं रक्त नुकतंच नेलं होतं. आकडा यायला तास होता.

"असे काय बघताय?" ती म्हणाली. "जा, बाहेर फिरून या जरा. दाढीही केली नाहीत."

आपल्याकडे इस्पितळात कुणी फुलं नेत नाही. मोसंबी नेतात, शहाळं नेतात, थर्मासमधून मऊ भात नेतात. त्यातलं तिथं काही नव्हतं आणि तिला पाण्याशिवाय काही द्यायचंही नव्हतं. फाटकासमोर एक फुलवाली होती, डोक्याला रुमाल बांधलेली, बादल्यांत ॲस्टर आणि डेलिया. अमेरिकेत लग्नाच्या वाढदिवसाला मी डझनभर गुलाब न्यायला शिकलो होतो. मी कागदावर १२ लिहून तिला दाखवलं आणि जांभळ्या ॲस्टरकडे बोट केलं. तिनं फुलं काढून, बांधून दिली.

रस्ता ओलांडून मी मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकरा.

इतक्या काळजीतही मी परत गेलो. त्या दोन दिवसांत माझ्या हातात असलेला तो एकच आकडा होता, आणि तोही चुकीचा निघत होता. मी पुन्हा १२ दाखवलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. इस्पितळाकडे बोट केलं, मग काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "येस, वाइफ." तिनं अजून जोरात मान हलवली. मला वाटलं, परदेशी माणूस बघून फसवते आहे. मी कागदावरच्या आकड्याखाली रेघ मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि बारावं फूल दिलं.

वॉर्डात शिरलो तर बायकोच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला. वयस्क नर्स बाहेर येत होती. तिची नजर फुलांवर गेली, ओठ हलले, मोजत असल्यासारखे, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं माझी बाही धरली आणि मला तसंच ओढत कॉरिडॉरमध्ये नेलं. मी म्हटलं, "व्हॉट? व्हॉट हॅपन्ड?" ती तिच्या भाषेत भराभर बोलत होती. मग तिनं डोळे मिटले, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि मान मागे टाकली. मेलेल्या माणसासारखी.

मी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसलो. तेव्हा माझ्या मनात देवाचं नाव आलं नाही, मुलीचंही नाही. पडदा ओढलेला आहे, एवढंच आलं.

नर्स घाबरून "नो, नो, नो" करायला लागली. तिनं माझ्या हातातल्या जुडीतून एक फूल उपसलं, उरलेली माझ्यापुढे धरली आणि हसून जोरजोरात मान डोलावली. मला काहीच कळेना. तेवढ्यात डॉक्टर जिन्यावरून आली. मला खाली बसलेलं पाहून थबकली.

"चौतीस," ती म्हणाली. "खाली आला आहे. का बसलात तुम्ही?"

"पडदा?" मी विचारलं.

"स्पंजिंग चालू आहे."

मग तिनं नर्सचं ऐकून घेतलं आणि हसू दाबत मला सांगितलं. इथं जिवंत माणसाला फुलं विषम नेतात. तीन, पाच, अकरा. सम आकडा फक्त थडग्यावर. रस्त्यापलीकडच्या बाईनं अकरा दिली होती ती मोजून दिली होती.

मी फरशीवरच बसून होतो. एकवीस मोदक, एकवीस दूर्वा, आहेराच्या पाकिटात वरचा एक. हे मला कुणी लिथुआनियन बाईनं शिकवायला हवं होतं का?

तिला आणखी चोवीस तास ठेवून घेतलं. पुढचे दोन्ही आकडे तिशीत आले. कशानं बाधलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मशरूम असतील, हॉटेलातलं दही असेल. सहकाऱ्याची आई भेटायला आली, रडली, आणि तिनं आणलेल्या डेलिया मी मोजल्या. सात होत्या.

परतीच्या विमानात मी बायकोला सगळं सांगितलं. सतरा तास, दोन बिंदू, बारावं फूल. ती हसून हसून लाल झाली. "फुटका मोदक खाऊन टाकायला मी नव्हते ना तिथं," म्हणाली. मग मी ते सांगितलं जे मला सांगायचं होतं, की तू नको म्हणत होतीस, मी तुला दोन खायला लावले.

"दोन?" ती म्हणाली.

"दोनच वाढून घेतलेस ना."

"ते तुमच्यासमोर. तुम्ही सफरचंदं बघायला गेलात आणि तिनं अजून वाढले. इतके चांगले लागले हो. पाच तरी खाल्ले असतील वर."

"मी डॉक्टरला दोन सांगितलं!"

"मग? मला कुठे कुणी विचारलं?"

तिनं चादर ओढली आणि झोपली. मी जागा राहिलो. आकडा चौतीस आला होता, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होती, आणि मला सोमवारपेक्षा जास्त भीती वाटत होती. खरंच विष असतं तरी डॉक्टरच्या कागदावर दोनच राहिलं असतं, माझ्या सांगण्यावरून.

प्लेनोत आमच्या डॉक्टरकडे दर भेटीत एक फॉर्म भरावा लागतो. काय दुखतं, केव्हापासून, किती. तो नेहमी मी भरत असे, तिचाही. आता मी पेन तिच्या हातात देतो आणि खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या बघत बसतो. आत डॉक्टर माझ्याकडे वळून विचारू लागले तर मी तिच्याकडे बोट दाखवतो.